परतीच्या वाटेवरचा उशीर

(आमच्या सहाय्यक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या मंडळीतले कोणी परदेशी निघाले, की आपण त्यांना पुढे बोलावतो, त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. घरचे लोक शिदोरी बांधून देतात, तरुण संघाची मुले स्टेशनपर्यंत येतात. परतीच्या प्रवासाची मात्र कोणी फारशी चिंता करत नाही. काम झाले, आता काय, घरीच यायचे आहे, असे आपण धरून चालतो. माझा अनुभव असा, की माणसाची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते. जाताना अंगात उत्साह असतो, खिशात पैसे असतात आणि पलीकडे कोणीतरी नावाची पाटी घेऊन उभे असते. येताना पैसे संपलेले, अंग थकलेले, आणि मन तर शरीराच्या आधीच घरी पोहोचलेले असते. अशा वेळी वाट अडली, की एकेक तास डोंगराएवढा होतो.

येत्या काळात आपल्यापैकी आणखी काही जण बाहेर जाणार आहेत. म्हणून 2024 च्या एप्रिल महिन्यात आम्हा तिघांवर जे गुदरले आणि त्यातून आम्ही जे शिकलो, ते आज सांगते. हे उपदेशापेक्षा शिदोरीसारखे घ्या.

आम्ही नैरोबीला गेलो होतो. मातृभाषेतून शिकवण्याविषयी दोन आठवड्यांचा वर्ग होता. बरोबर आमचे निवृत्त गुरुजी होते. वय त्रेसष्ट, आश्रमशाळेत हयात घालवलेली, आणि गेली कित्येक वर्षे मधुमेहासाठी इन्सुलिन चालू. तिसरा आमच्या वसतिगृहाचा तरुण अधीक्षक. सोमवारी, 15 एप्रिलच्या रात्री आम्ही नैरोबी सोडले. मंगळवारी पहाटे दुबई, तिथून तीन तासांत मुंबई, रात्रीच्या गाडीने नवापूर, असा बेत होता. गुरुजींच्या नातीचे लग्न गुरुवारी सकाळी अकरा वाजता होते. म्हणजे हाताशी पूर्ण एक दिवस शिल्लक होता.

दुबईत उतरलो तेव्हा पाऊस पडत होता. गुरुजी म्हणाले, "वाळवंटातला पाऊस पाहायला मिळाला, हेही नशीबच." दुपारपर्यंत त्या नशिबाचे पाणी धावपट्टीवर साचले. त्या देशात वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. त्या एका वादळात अल ऐन भागातल्या एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत 254 मिलिमीटर पडला. 1949 पासून तिथे नोंदी ठेवल्या जातात, त्यांतला हा सर्वांत मोठा आकडा. रस्ते बुडाले, गाड्या तरंगल्या. पहिल्या दोन दिवसांतच दुबईची 1,200 हून अधिक उड्डाणे रद्द झाली. शेजारच्या ओमानमध्ये तर त्याच वादळाच्या पुरात शाळकरी मुलांसह अनेकांचे जीव गेले. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमचे हाल मोजताना ती घरे विसरून चालणार नाही. आमचा उशीर झाला. त्यांची माणसे गेली.

आमचे मुंबईचे विमान आधी दोन तास, मग चार तास पुढे ढकलले आणि संध्याकाळी रद्द झाले. विमानतळाबाहेर पडावे, तर आमच्याकडे तिथला व्हिसा नव्हता. मधल्या मुक्कामासाठी तिथे 48 किंवा 96 तासांचा व्हिसा मिळतो, पण तो आधी विमान कंपनीमार्फत घ्यावा लागतो. हॉटेल समोर असले तरी आमच्यासाठी ते दुसऱ्या देशात होते. मंगळवार पहाटेपासून गुरुवार रात्रीपर्यंत आमचा संसार त्या इमारतीतच झाला.

आता पहिली गोष्ट सांगते. ती खिडकीवरची. रद्दचा फलक लागताच शेकडो लोक एका खिडकीकडे धावले. आमचा तरुण अधीक्षकही धावला आणि बऱ्याच वेळाने लाल चेहऱ्याने परत आला. सगळे ओरडत होते आणि खिडकीतली मुलगी एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती. मग मी रांगेत उभी राहिले. तीन तासांनी माझा क्रमांक आला. तिचे डोळे सुजले होते. मी विचारले, "तुम्ही कधीपासून इथे आहात?" ती म्हणाली, "कालपासून. रस्त्यावर पाणी आहे, माझ्या जागी येणारी मुलगी पोहोचलीच नाही." पाऊस तिने पाडला नव्हता. आमच्यासारखीच तीही अडकली होती, फक्त काचेच्या पलीकडच्या बाजूला.

त्या खिडकीवर "आम्हाला घरी कधी पाठवणार?" याला उत्तर नसते. उत्तर असते ते नेमक्या प्रश्नाला. आमचे तिकीट नैरोबी ते मुंबई एकच आहे ना? मग पुढच्या कोणत्या विमानात आमची नावे घातली? ते लेखी द्याल का? जेवणाचे कूपन मिळेल का? आमच्यात एक मधुमेही वृद्ध आहेत, त्याची नोंद कराल का? हे पाच प्रश्न मी कागदावर लिहून नेले होते. पाचांपैकी चारांना उत्तर मिळाले.

यात तिकीट एकच असणे फार महत्त्वाचे. नैरोबी ते दुबई एक आणि दुबई ते मुंबई दुसरे, अशी दोन स्वस्त तिकिटे वेगवेगळी काढली, तर पहिल्याच्या उशिराने दुसरे चुकल्यावर ते नुकसान सहसा आपल्याच माथी येते. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असेल, तर तुम्हाला शेवटच्या ठिकाणी पोहोचवणे किंवा पैसे परत देणे, हे कंपनीला टाळता येत नाही. वादळासारख्या कारणाने उशीर झाला तर नुकसानभरपाई मिळेलच असे नाही, पण घरी पोहोचण्याचा हक्क वादळाने वाहून जात नाही. हजार-दोन हजार रुपये वाचवायला दोन तिकिटे काढू नका, असे मी आता सर्वांना सांगते.

दुसरी गोष्ट पोटाची आणि औषधाची. गुरुजींचे इन्सुलिनचे पेन, सुया, साखर तपासण्याचे यंत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी हे सगळे त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होते. ते सामानात टाकले असते, तर त्या तीन दिवसांत काय झाले असते, याचा विचारही नको. पण औषध जवळ असणे पुरेसे नव्हते. इन्सुलिन घेतले आणि जेवण आले नाही, तर साखर धोक्याइतकी खाली जाते. तिथे जेवणाचा नेम नव्हता. कूपन असे, तेव्हा रांग असे; रांग संपे, तेव्हा अन्न संपलेले असे. म्हणून गुरुजींनी नियम केला: ताट हातात आल्याशिवाय सुई नाही.

बुधवारी रात्री नियमाप्रमाणे ताट हातात आले, सुई घेतली. शेजारी एक नेपाळी पोरगा बसला होता. दोन वर्षे मजुरी करून घरी निघालेला, त्याचे कूपन हरवले होते. गुरुजींनी आपला अर्धा भात त्याच्यापुढे सरकवला. मध्यरात्रीनंतर मला त्यांचा आवाज ऐकू आला. बोलणे जड झाले होते, हात थरथरत होते, सदरा घामाने भिजला होता. यंत्रावर आकडा फार खाली दिसला. मी मोठ्याने विचारले, "कोणी नर्स आहे का?" तीन रांगा पलीकडून फिलिपिन्सची एक बाई उठून आली. मनिलाला निघालेली, तीही अडकलेलीच. तिने साखरेच्या पुड्या मागितल्या, तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून हळूहळू पाजली आणि घड्याळ लावून बसली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच साखर द्यायची, आकडा वर आला की काहीतरी घट्ट खायला घालायचे. दुसऱ्या वेळी आकडा वर आला. बिस्किटांचा पुडा त्या नेपाळी पोराने कुठून आणला, मला आजही ठाऊक नाही.

सकाळी मी गुरुजींना रागावले, "अर्धा भात कशाला दिलात?" ते म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी आधी वाटीन, मग सुई घेईन." त्यांना वाटणे सोडायचे नव्हते. त्यांनी फक्त क्रम बदलला.

मला तेव्हा पौलाचा समुद्रप्रवास आठवला. प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय आपण अनेकदा वाचतो, पण जहाज फुटल्याची गोष्ट म्हणून वाचतो. त्यातली एक लहान गोष्ट नजरेतून सुटते. चौदा दिवस वादळ चालले आहे, लोकांच्या पोटात धड अन्न नाही, खलाशी घाबरले आहेत. पौल तर बंदिवान. पहाट होत असताना तो त्या सर्वांना जेवायला सांगतो. स्वतः भाकर घेतो, सर्वांसमोर देवाचे आभार मानतो आणि खायला लागतो. मग जहाजावरचे 276 लोक खातात. वादळ थांबलेले नसते, किनारा मिळालेला नसतो. तरी आधी जेवण, कारण पुढे पोहायचे असते. आणि आजच्या माल्टा बेटावर ते भिजून, थंडीने काकडत बाहेर येतात, तेव्हा अनोळखी बेटकरी त्यांच्यासाठी शेकोटी पेटवतात. पुढे तीन महिने त्यांना तिथेच थांबावे लागले. आमचे तर तीनच दिवस होते. आणि आमचे बेटकरी म्हणजे एक फिलिपिनो नर्स आणि एक नेपाळी मजूर.

तिसरी गोष्ट घरच्यांना कळवण्याची. ही मला सर्वांत कठीण वाटली. बुधवारी संध्याकाळपर्यंत स्पष्ट दिसत होते, की गुरुवारी अकराला नवापूर गाठणे अशक्य आहे. तरी आमच्या अधीक्षकाला वाटत होते, की "निघतोच आहोत, थोडे थांबा" असा निरोप द्यावा. गुरुजींनी त्याला थांबवले. ते म्हणाले, "मांडवात पाचशे माणसे बसतील, उन्हाळ्याचे दिवस, नवऱ्याकडचे लोक लांबून आलेले. मी येईन म्हणालो, तर ते थांबतील. मी येणार नाही हे मला माहीत आहे. मग ते त्यांनाही माहीत असले पाहिजे."

तिथे व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण कॉल लागत नाहीत. प्लगही आपल्यापेक्षा वेगळे, चौकोनी तीन दांड्यांचे. नैरोबीत घेतलेला एक अडॅप्टर होता आणि त्याभोवती आठ जणांचे फोन पाळीपाळीने चार्ज होत होते. आमची पाळी आल्यावर गुरुजींनी मुलाला लेखी निरोप धाडला: लग्न वेळेवर लावा, माझ्यासाठी एक मिनिटही थांबवू नका. मग कोपऱ्यात जाऊन मावची बोलीत नातीसाठी आशीर्वाद रेकॉर्ड केला. चार मिनिटांचा. परत आले तेव्हा डोळे पुसत होते. हे सगळे साखर उतरण्याच्या आदल्या तासांतले.

लग्न अकरालाच लागले. पाळकसाहेबांनी आशीर्वादाच्या वेळी तो आवाज माईकजवळ धरून ऐकवला. ज्यांनी ऐकले, ते सांगतात, मांडवात पान हलले नाही. गुरुजी तिथे नव्हते ते नव्हतेच, त्याची खंत त्यांना आहे. पण त्यांच्यामुळे कोणी उन्हात ताटकळले नाही. बंधूंनो, उशिरात अडकलेला माणूस घरच्यांना धीर द्यायच्या नादात खोटी वेळ सांगतो. त्याने त्यांचा धीर वाढत नाही, त्यांची वाट पाहणे वाढते. ठाऊक असेल तेवढेच सांगा, लवकर सांगा, आणि ठराविक वेळी पुन्हा सांगा. आम्ही सकाळी आठ आणि रात्री आठ अशा दोन वेळा ठरवल्या होत्या. मधल्या वेळात घरच्यांनी फोनकडे पाहत बसायचे नाही आणि आमची बॅटरीही वाचायची. आपल्या वकिलातीनेही त्या दिवसांत मदतीचे फोन नंबर जाहीर केले होते. असे नंबर फोनमध्ये असतातच, पण कागदावरही असावेत. फोन बंद पडतो, कागद पडत नाही.

गुरुवारी मध्यरात्री विमान मिळाले आणि शुक्रवारी पहाटे मुंबई. वाटले, संपले. पण परतीच्या वाटेवर घर दिसेपर्यंत काही संपत नाही. केनियाहून येणाऱ्याला पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला दाखवावा लागतो. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी तो लागू होतो आणि मग आयुष्यभर चालतो. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मध्ये तीन दिवस दुबईत गेले म्हणून सुटका नाही. आमची पिवळी कार्डे पासपोर्टमध्येच होती. आमच्या पुढच्या गृहस्थांचे कार्ड मोठ्या बॅगेत होते आणि बॅग दुबईत. त्यांना बाजूला बसवले. पुढे काय झाले, ते पाहायला आम्ही थांबू शकलो नाही.

आमच्याही बॅगा आल्या नव्हत्या. त्या वादळात मागे राहिलेल्या बॅगांची संख्या एकट्या एका कंपनीने नंतर सुमारे 30,000 सांगितली. अशा वेळी हात हलवत बाहेर पडू नये. बाहेर पडण्याआधी सामानाच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवायची, तिची प्रत आणि क्रमांक घ्यायचा, आणि बोर्डिंग पासला चिकटवलेली ती छोटी पावती जपून ठेवायची. 1999 च्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे, आणि भारतही 2009 पासून त्यात आहे, 21 दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असे धरून दावा करता येतो. बॅग मोडकी आली तर सात दिवसांत लेखी कळवावे लागते. उशिरा आली तर मिळाल्यापासून 21 दिवसांत. आमच्या बॅगा बाराव्या दिवशी आल्या. नातीसाठी घेतलेली कांगा, म्हणजे तिथले रंगीत वस्त्र, जशीच्या तशी होती.

मंगळवारचे रेल्वेचे आरक्षण केव्हाच वाया गेले होते. साध्या डब्यातून सुरतपर्यंत, तिथून ताप्ती लाइनची गाडी धरून रात्री नवापूर. तुमच्यापैकी पुष्कळांना ते स्टेशन ठाऊक आहे. अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात. रात्र मंडळीतल्या एका घरी काढली. शनिवारी सकाळी गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलो, तर ती निघेना. चालक म्हणाला, "अजून चार जण पाहिजेत." अधीक्षकाने कपाळाला हात लावला. गुरुजी मात्र खुशाल मागे टेकून बसले. म्हणाले, "जीप भरल्याशिवाय निघत नाही, हे मी लहानपणापासून पाहतो. म्हणून तर दुबईत मला तुमच्यापेक्षा कमी त्रास झाला."

ते हसत म्हणाले, पण मी त्यावर पुष्कळ विचार केला. विमानतळावर अडकलेल्याला निदान विचारायला खिडकी असते, कूपन असते, तक्रारीचा कागद असतो. ऊसतोडीहून परतणारी आपली कुटुंबे मुकादमाच्या ट्रकची वाट पाहत फडाच्या कडेला लेकरांसह रात्री काढतात, तेव्हा त्यांना कोणती खिडकी असते? वाट पाहण्याचे कसब आपल्या लोकांनी नाइलाजाने मिळवले आहे. त्यातले शहाणपण आपण घ्यावे. पण तो नाइलाज त्यांच्या कपाळी कायमचा राहावा, असे मात्र मानू नये.

म्हणून आज आपणाकडे तीन मागणी करते. एक, आपल्यातले जे बाहेर जातील, त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत औषध, दाखले, एक जोड कपडे, कोरडा खाऊ आणि नंबरांचा कागद आहे की नाही, हे निघण्याआधी मंडळीतल्या कोणीतरी डोळ्यांनी पाहावे. दोन, स्टेशनवर, बसस्टँडवर, दवाखान्यात कोणी अडकलेला दिसला, तर विचारपूस करा. त्याची भाषा येत नसली तरी साखरेचे पाणी देता येते. आणि तीन, जाणाऱ्यासाठी प्रार्थना करता, तशीच येणाऱ्यासाठीही करा. आणि तो दारात पाऊल ठेवीपर्यंत ती थांबवू नका.

 प्रभू आपले जाणे आणि येणे सांभाळो. सलाम.